विचारा की! : जुन्या कॉम्प्युटरची आयसी काढायची कशी

मागच्या अंकात माळ्यावर धूळ खात पडलेले ऐंशीच्या दशकातले होम कॉम्प्युटर परत चालू करण्याबद्दल लिहिलं होतं. त्यात एक वाक्य असं होतं की बेसमध्ये (म्हणजे बोर्डवरच्या प्लॅस्टिकच्या सॉकेटमध्ये) बसवलेल्या आयसी, म्हणजे पाय असलेल्या काळ्या चिप, एकदा काढून परत बसवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय, प्रिंटर आणि वायफायवाल्यांनी पुढच्या वेळेपर्यंत थांबा प्लीज. आणि एक गोष्ट आत्ताच सांगतो, खाली जिथे जिथे "आयसी काढा" म्हटलंय तिथे मशीन बंद आणि प्लग भिंतीतून बाहेर असं धरूनच वाचायचं, दर वेळी लिहीत बसणार नाही.

प्रश्न : बाबांचा जुना स्पेक्ट्रम प्लस आहे, भारतात बनलेला. चालू केला की नुसते रंगीत चौकोन आणि उभ्या रेघा. मित्र म्हणतो यूएलए काढून परत बसव. उघडलं तर ४० पायांची मोठी आयसी दिसली, पण इतकी घट्ट बसलीये की हलत पण नाही. जोर लावू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जोर नका लावू. स्पेक्ट्रम मूळ सिंक्लेअरचा, १९८२ चा, आपल्याकडे डेसिबेल्सने १९८६ ला लायसन्स घेऊन स्पेक्ट्रम प्लस काढला, तुमच्याकडे बहुतेक तोच असणार. त्यातली यूएलए म्हणजे स्क्रीन काढणं, कीबोर्ड वाचणं, टेपचं येणं-जाणं हे सगळं एकटी सांभाळणारी आयसी, खास त्या मशीनसाठी बनवलेली, दुकानात जाऊन "एक द्या" म्हणण्यातली नाही. म्हणून तिच्याशी जरा आदबीने.

पण तिला हात लावायच्या आधी दोन गोष्टी बघा. ॲडॅप्टर कुठला लावलाय? सिंक्लेअरच्या ९ व्होल्टच्या पिनमध्ये मधला भाग मायनस असतो आणि हल्लीच्या राउटरबिउटरच्या ॲडॅप्टरमध्ये मधला भाग बहुतेक वेळा प्लस असतो, त्यामुळे "पिन बसतीये ना, मग चालेल" असं करून कोणी लावून बघितलं असेल तर आयसी काढून-घालून काही होणार नाही, आत काहीतरी भाजलेलं असेल. दुसरं म्हणजे रॅम. खालच्या १६ केची रॅम म्हणजे ४११६ नंबरच्या ८ आयसी, त्यांना ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि वर मायनस ५ व्होल्ट असे तीन सप्लाय लागतात. पाय १ वर मायनस ५, पाय ८ वर १२, पाय ९ वर ५ आणि पाय १६ ग्राउंड. हे मोजमाप मात्र चालू मशीनवरच करावं लागतं, मल्टीमीटरची काळी वायर ग्राउंडला नीट पकडून लाल टोक एका वेळी एकाच पायाला, घसरलं आणि शेजारच्या पायाला टेकलं तर नवीन बिघाड तयार. मायनस ५ गायब असेल तर ह्या रॅम मरतात, आणि सप्लाय दुरुस्त न करता नवीन बसवल्या तर त्याही मरतात. रेघा आणि चौकोनांमागे हे कारण यूएलएच्या कॉन्टॅक्टपेक्षा जास्त वेळा निघतं असं माझं मत, तुमच्या मित्राला सांगा.

व्होल्टेज बरोबर आले की मग यूएलए. बोर्डचा मोबाईलवर वरून सरळ फोटो काढा, आयसीच्या एका टोकाला खाच असते किंवा पाय १ जवळ ठिपका असतो तो फोटोत स्पष्ट दिसला पाहिजे. ब्रशने धूळ काढा, नाहीतर ती आयसी उचलताना बेसच्या भोकांत जाते. आता बाजूने नीट बघा, बोर्डवर आधी प्लॅस्टिकचा बेस आणि बेसच्या वर आयसी असे दोन थर दिसतात. बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर ह्या दोन थरांच्या मध्ये घालायचा, बेस आणि बोर्डच्या मध्ये नाही. हे मी जाड अक्षरात छापायला सांगणार होतो, कारण बेसच्या खाली घालून उचकटलं की बेससकट तांब्याच्या पट्ट्या उपटून येतात आणि मग पाच मिनिटांचं काम पाच रविवारांचं होतं.

टोकाकडून आत घालायचा आणि उचलायचं नाही, फक्त किंचित पिळायचा. केसभर वर आली की थांबा, दुसऱ्या टोकाला जा, तिकडून केसभर. परत इकडे. घट्ट बसलेलं डब्याचं झाकण आपण चमच्याने चारी बाजूंनी थोडं थोडं उचकटतो ना, तसंच. एका टोकाने पटकन उचललं की दुसऱ्या टोकाचे पाय बेसमध्ये अडकून दुमडतात, आणि ४० वर्षांनंतर ते पाय परत सरळ होतीलच ह्याची गॅरंटी नाही. शेवटचा एखादा मिलिमीटर राहिला की लोकांचा पेशन्स संपतो आणि ते बोटांनी ओढतात, तिथेच घात होतो, आयसी एका बाजूने सुटते, पाय वाकतात आणि दुसऱ्या बाजूचे अंगठ्यात घुसतात. शेवटपर्यंत स्क्रू ड्रायव्हरच.

आणि हो, स्पेक्ट्रमची वरची झाकणी कीबोर्डच्या पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बोर्डला जोडलेली असते, त्या जुन्या झाल्या की कडक होऊन तुटतात, तुम्ही उघडलंय म्हणजे त्या एव्हाना सोडवल्या असतीलच. परत घालताना सरळ, तिरक्या नाही.

प्रश्न : पासोड्या विठोबापाशी दुकानात यू आकाराचा आयसी पुलर मिळाला, चिमट्यासारखा. तो चालेल ना? घरी अमिगा ५०० पण आहे.
– सदाशिव पेठ

उत्तर : १४ किंवा १६ पायांच्या छोट्या आयसीला चालेल. २८ आणि ४० पायांना माझं मत नाही असं. तो दोन टोकांना पकडतो आणि आपण वर ओढतो, सरळ ओढतोय असं वाटतं पण हात थोडा तरी तिरका होतोच, एक टोक आधी निसटतं, मग वर लिहिलंय तेच. त्यापेक्षा फुकटची गोष्ट सांगतो, जुन्या डेस्कटॉपच्या कॅबिनेटला मागे रिकाम्या स्लॉटवर ज्या पत्र्याच्या पट्ट्या असतात त्यातली एक काढा. तिचं एक टोक काटकोनात वळलेलं असतं, ते आयसीखाली सरकवून पट्टी हळूच मागे झुकवली की रुंद भागावर सारखा जोर येतो, स्क्रू ड्रायव्हरपेक्षा बरंच बरं. जगभर जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारे लोक हीच वापरतात. पट्टीच्या कडा धारदार असतील तर कानशीने एकदा घासून घ्या.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी अमिगा ५०० चा उल्लेख आहे म्हणून सांगतो, त्यातली अ‍ॅग्नस ही आयसी चौकोनी आहे, ८४ पाय चारी बाजूंना आत वळलेले. तिला ह्यातलं काहीच चालत नाही. तिच्यासाठी कोपऱ्यातल्या दोन फटींत आकडे घालून उचलणारा वेगळा पुलर येतो, पीएलसीसी पुलर म्हणून मागा. स्क्रू ड्रायव्हरने कोपऱ्यातून उचकटलं तर बेसचाच कोपरा तुटतो, आणि तो बदलायचा म्हणजे ८४ टाके.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. १९८० च्या दशकात आमच्या शाळेत सरकारी योजनेतून कॉम्प्युटर आले होते, शाळेने भंगारात काढले तेव्हा एक मी पैसे भरून घरी आणला. परवा नातवाने टीव्हीला जोडला तर वर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' असं येतं आणि खाली 'लँग्वेज?' असं येऊन थांबतं. पूर्वी बेसिक सुरू व्हायचं. आता काही होऊ शकतं का?
– कर्वेनगर

उत्तर : नमस्कार बाई. खरं सांगू का, ह्या वेळच्या सगळ्या पत्रांत तुमचं पत्र वाचून सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण तुमचं मशीन जवळजवळ ठणठणीत आहे आणि काय दुखतंय ते स्वतःच सांगतंय.

तो बीबीसी मायक्रो. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी क्लास नावाचा कार्यक्रम सुरू केला त्यात हीच मशीन दिली गेली, सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ती आपल्याकडे युनिकॉर्न ह्या नावानेही बनवली. ह्या मशीनमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम एका रॉममध्ये (कायमचं लिहून ठेवलेली आयसी) आणि बेसिक, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, दुसऱ्या रॉममध्ये असतं. चालू झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम बाकीच्या बेसमध्ये भाषेची रॉम शोधते, एकही सापडली नाही की 'लँग्वेज?' असं लिहून थांबते. म्हणजे तुमचा प्रोसेसर चालू आहे, रॅम चालू आहे, स्क्रीन चालू आहे, ऑपरेटिंग सिस्टिमची रॉम चालू आहे, फक्त बेसिकच्या रॉमचा बेसशी संपर्क तुटलाय. रॉम मेलेली असूही शकते पण आधी संपर्कच बघायचा.

संपर्क आपोआप कसा तुटतो? मशीन तापतं तेव्हा आयसी आणि बेस थोडे प्रसरण पावतात, गार झालं की आकुंचन, दोघांचं प्रमाण वेगळं, असं वर्षानुवर्षं झालं की आयसी केसाकेसाने वर सरकत जाते. वर पायांवर काळा थर चढतो तो वेगळाच. हा आजार इतका जुना आहे की १९८० च्या ॲपल थ्री मध्ये, त्याला पंखा नव्हता, आयसी सरकून मशीन बंद पडायला लागली तेव्हा ते काही इंच उचलून टेबलावर आपटा म्हणजे आयसी परत बसतील असा सल्ला खुद्द कंपनीकडून दिला गेला होता. तुमच्या नातवाला हे सांगू नका, तो लगेच करेल.

तर नातवाला असं करायला सांगा. वरचं झाकण काढलं की कीबोर्ड दिसेल, तो बोल्टांनी बसवलेला असतो, सोडवून केबल न ताणता बाजूला घ्यायचा. समोरच्या कडेला उजव्या हाताला रॉमचे पाच बेस ओळीत दिसतील, काही रिकामे असतील. पाचांत सगळ्यात डावीकडचा, बोर्डवर आयसी ५१ असं छापलेलं असतं, तो ऑपरेटिंग सिस्टिमचा, त्याला हात लावायचा नाही कारण तो चालतोय. त्याच्या शेजारी आयसी ५२, बेसिक बहुतेक तिथे सापडेल. आधी काढायची पण नाही, दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबायची, खाली बोर्डला आधार हवा, बोर्ड वाकता कामा नये. 'कट्' असा बारीक आवाज आला तर समजायचं सरकलेली होती. मग चालू करून बघा.

तेवढ्याने नाही झालं तर मग वर कोथरूडच्या वाचकाला सांगितलंय तशी काढून, पाय साफ करून, त्याच दिशेने परत बसवायची. रिकाम्या बेसमध्ये टाकून बघितली तरी चालतं, ह्या मशीनमध्ये बेसिक त्या उरलेल्या चारांपैकी कुठल्याही बेसमधून चालू होतं, त्यामुळे रॉम खराब की बेस खराब हे पण लगेच कळतं. ही सोय बाकी मशीनमध्ये नाही हं, तिथे जागा बदलायच्या नाहीत.

एक मात्र कळकळीने सांगतो बाई, मशीनच्या आत डावीकडे जो बंद डबा आहे तो पॉवर सप्लाय, त्यात घरातले २३० व्होल्ट येतात. त्या काळच्या बऱ्याच सप्लायमध्ये मेनच्या फिल्टरचे कपॅसिटर असे असायचे की त्यांच्या वरच्या प्लॅस्टिकला तडे जाऊन आत ओल शिरते आणि एक दिवस फटकन धूर, घाण वास. मशीन अजून चालतंय तोवरच कोणा जाणत्याकडून ते बदलून घ्या आणि तोपर्यंत चालू ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. नातवाला तो डबा उघडू देऊ नका, प्लग काढल्यावर पण नाही.

प्रश्न : दादा, इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या ग्रुपमधल्या एकाच्या मशीनची आयसी काढताना एक पाय तुटला, अगदी बॉडीपाशी. तो अजून चिडलाय. काही जुगाड?
– धनकवडी

उत्तर : आहे ना. आणि ह्याला जुगाड म्हणू नकोस, नीट केलं तर वर्षानुवर्षं टिकतं.

थोडासा जरी धातू बॉडीच्या बाहेर दिसत असेल तर काम सोपं. गोल पिनचा तेवढ्याच पायांचा बेस आण, खराद पिनचा म्हणतात तो. आयसी त्यात बसव. तुटलेल्या पायाच्या जागी बेसच्या भोकात रेझिस्टरच्या पायाचा तुकडा उभा कर आणि वरून तो त्या उरलेल्या धातूला सोल्डर कर, फ्लक्स भरपूर, टोक बारीक, दोन-तीन सेकंदांत हात बाजूला. आता आयसी आणि बेस मिळून एकच वस्तू झाली, ती मूळ बेसमध्ये खोचायची. गोल पिना साध्या बेसमध्ये नीट जातात. पिनस्ट्रिपचे चौकोनी जाड पाय मात्र साध्या बेसमध्ये कधी कोंबू नकोस, त्याने आतल्या पट्ट्या कायमच्या फाकतात आणि नंतर खरी आयसी लावली की ढिली बसते.

बॉडीच्या आतच तुटला असेल तर बारीक कानशीने किंवा छोट्या ग्राइंडरने काळं प्लॅस्टिक हळूहळू घासत आतला धातू उघडा करावा लागतो. करता येतं, पण पहिली वेळ असेल तर आधी मेलेल्या आयसीवर हात बसव.

आणि पाय नुसता वाकला असेल तर चपट्या चिमट्याने एकदाच, मुळापाशी धरून, एका दमात सरळ करायचा. पुढे-मागे करत बसलास की तिसऱ्या वेळेला हातात येतो. आधीच काळे पडलेले पाय तर जास्तच, आत गंज असतो.

प्रश्न : ते मनगटाला बांधायचं अँटिस्टॅटिक पट्टं खरंच लागतं का? आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल असते, कसली स्टॅटिक?
– औंध

उत्तर : जून ते सप्टेंबर तुमचं म्हणणं बऱ्यापैकी बरोबर आहे, हवेत ओल असली की चार्ज साठत नाही. पण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वेटर काढताना जो चटचट आवाज येतो तो आठवा. माणसाला झटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट तरी लागतात, आणि ह्या जुन्या मॉस जातीच्या आयसी त्याच्या बऱ्याच खालच्या व्होल्टेजला जातात, म्हणजे तुम्हाला काही कळलं पण नाही आणि आयसी गेली, किंवा लगेच न जाता महिन्याभराने गेली.

पट्टं स्वस्त आहे, घ्या. त्यात १ मेगाओमचा रेझिस्टर असला पाहिजे, मल्टीमीटरने मोजून बघा, कारण नुसती वायर असलेलं पट्टं म्हणजे स्वतःला अर्थिंगला बांधून घेणं. आणि उघडा टीव्ही किंवा चालू सप्लायजवळ काम करताना ते काढून ठेवायचं.

पट्टं नसेल तर निदान सुती कपडे घाला, काम सुरू करताना आणि मध्ये मध्ये अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा, आयसी पायांना न धरता टोकांना धरा. आणि काढलेली आयसी थर्माकोलमध्ये खोचू नका! घरोघरी हे बघतो, गणपतीच्या मखरातला थर्माकोल उरलेला असतो, त्यात पाय छान घुसतात आणि दिसायला पण व्यवस्थित दिसतं, पण थर्माकोल हा स्टॅटिकचा कारखाना आहे. आयसीबरोबर येणारा काळा फोम वापरा, तो वीज वाहून नेतो म्हणून सगळे पाय एका पातळीला राहतात. नसेल तर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल पुठ्ठ्यावर गुंडाळून त्यावर ठेवा.

प्रश्न : आयसीचे पाय पूर्ण काळे झालेत. खोडरबरने घासू, पॉलिश पेपरने घासू की गंज काढायचा स्प्रे मारू? शेजारचे काका खोबरेल तेल म्हणतात.
– हडपसर

उत्तर : काकांना नमस्कार सांगा, तेल नको. गंज सोडवायचा साधा स्प्रेही नको, मागे तेलकट थर राहतो आणि त्याला धूळ चिकटते. पॉलिश पेपर तर अजिबात नको, वरचा मुलामा जातो आणि मग खालचं लोखंड पुढच्या पावसाळ्यात गंजतं.

काळं म्हणजे बऱ्याचदा चांदीचा मुलामा काळवंडलेला असतो, देवघरातली चांदीची भांडी पडतात तेच. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं, जुना टूथब्रश, आधी तेवढंच करून बघा. पुरलं नाही तर मऊ पांढरं खोडरबर एकाच दिशेने, वरून खाली, आयसी टेबलावर आडवी टेकवून, म्हणजे पाय वाकत नाहीत. रबराचा चुरा अल्कोहोलने धुवून टाका. बेसमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, आयसी दोन-तीनदा आत-बाहेर करा, पूर्ण वाळू द्या. एवढं करून पण मशीन कधी चालतं कधी नाही असं असेल तर बेसच गेलाय. त्या काळच्या स्वस्त बेसमध्ये पायाला एकाच बाजूने पट्टी टेकते, ती दमली की दमली. बदलून दोन्ही बाजूंनी पकडणारा किंवा गोल पिनचा टाका.

प्रश्न : आत्याने अमेरिकेतून येताना आणलेला कमोडोर ६४ मला मिळालाय. आवाज येत नाही. सिड (आवाजाची) आयसी ६५८१ ऐवजी नवीन ८५८० मिळतेय, पाय सारखेच आहेत, बसवू का?
– बाणेर

उत्तर : पाय सारखे, व्होल्टेज वेगळं. ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात आणि ८५८० ला ९. तुमच्या बोर्डवर त्या पायाला १२ येत असतील तर ८५८० भाजून निघेल. शिवाय फिल्टरचे दोन कपॅसिटर पण दोघींचे वेगळे. ६५८१ च शोधा.

पण त्याहून आधी, अमेरिकेतला असेल तर त्याची पॉवरची वीट १२० व्होल्टची असणार, ती आपल्या २३० ला लावली तर नाही ना? आणि वीट बरोबर असली तरी कमोडोरच्या जुन्या विटेचा ५ व्होल्टचा भाग म्हातारा झाला की व्होल्टेज वर चढवतो आणि रॅमपासून सगळं मारत सुटतो. मीटरवर ५.२५ च्या वर दिसलं तर ती वीट मशीनला परत लावायची नाही, आतून भरलेली असते त्यामुळे दुरुस्तीच्या नादाला पण लागू नका, नवीन सप्लाय घ्या. ते तपासल्याशिवाय एकही महागडी आयसी त्या बोर्डमध्ये घालू नका. स्क्रीनसाठी व्हिक (चित्राची) आयसी बदलून अमेरिकेच्या एनटीएससीऐवजी आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत करायचा विचार असेल तर नुसती आयसी बदलून होत नाही, क्रिस्टल पण बदलावा लागतो, त्यापेक्षा एनटीएससी समजणारा टीव्ही शोधा, हल्लीच्या बऱ्याच टीव्हींना समजतं.

प्रश्न : आयसी परत बसवताना काय बघायचं? आणि बदलायचीच वेळ आली तर पुण्यात मिळतात का ह्या आयसी?
– बऱ्याच जणांचा, थोड्याफार फरकाने

उत्तर : नवीन आयसीचे पाय जरा बाहेर फाकलेले असतात, कारखान्यातल्या मशीनसाठी तसे ठेवतात. तशीच दाबलीत तर एक ओळ बेसच्या बाहेर किंवा आयसीच्या खाली दुमडते, आणि खाली दुमडलेला पाय वरून दिसत नाही, बसल्यासारखीच वाटते. म्हणून आयसी आडवी धरून एका बाजूचे सगळे पाय टेबलावर एकदम टेकवून किंचित दाबा, मग दुसरी बाजू, दोन्ही ओळी काटकोनात आल्या की झालं. बेसवर नुसती ठेवा, सगळे पाय भोकांच्या तोंडाशी आलेत हे टॉर्च मारून दोन्ही बाजूंनी बघा, एक घर पुढे-मागे तर नाही ना ते बघा, आणि मगच दाबा.

खाच तुमच्या फोटोप्रमाणे. शेजारच्या आयसीची खाच इकडे म्हणून हिची पण इकडे असं धरू नका, सगळ्या एका दिशेला असतील असं नाही. साध्या ७४ सिरीजच्या (७४ ने नंबर सुरू होणाऱ्या) १४ पायांच्या आयसीत बहुतेक वेळा पाय ७ ग्राउंड आणि १४ प्लस असतो, उलटी बसवली की हे दोन बरोब्बर अदलाबदल होतात, आणि चालू केल्यावर चटका बसेल इतकी गरम होते.

मिळण्याचं म्हणाल तर ७४ सिरीज, बेस, फोम हे सगळं बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळून जातं. जुनी रॅम आणि प्रोसेसर कधी तिथे कोणाच्या जुन्या स्टॉकमध्ये, कधी मुंबईला लॅमिंग्टन रोडला, नाहीतर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात मेलेले बोर्ड बघायचे आणि बेसमध्ये बसवलेल्या आयसी असतील तर घासाघीस करायची. झेड-८० (स्पेक्ट्रममधला प्रोसेसर) २०२४ पर्यंत नवीन मिळत होता, पण एप्रिल २०२४ मध्ये झायलॉगने ४० पायांचा मूळ झेड-८० बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि जूनपर्यंत शेवटच्या ऑर्डरी घेतल्या, त्यामुळे आता जे आहे ते स्टॉकमधलं. ऑनलाइन घेताना एकदम चकचकीत, नुकताच नंबर छापल्यासारखी आयसी आली तर संशय घ्या, घासून दुसराच नंबर छापलेल्या बऱ्याच फिरतात. कापूस ॲसिटोनमध्ये बुडवून नंबरवर फिरवा, नंबर पुसला गेला तर परत पाठवा.

६५०२ प्रोसेसरवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. वेस्टर्न डिझाइन सेंटरची ६५सी०२ अजून नवीन मिळते आणि स्वस्त पण आहे, पण जुन्या ६५०२ चा पाय १ ग्राउंड असतो आणि ह्या नवीन आयसीत तोच पाय आउटपुट आहे. जुन्या बेसमध्ये तशीच खोचली तर तो आउटपुट थेट ग्राउंडला शॉर्ट. मध्ये एक जास्तीचा बेस घालून त्याचा तो पाय कापून टाकतात, तेवढं करायची तयारी नसेल तर जुनीच शोधा.

रॅमचा संशय असेल तर काढायच्या आधी एक आयडिया, तोच नंबर असलेली चांगली आयसी संशयितावर पाठुंगळी बसवायची, पायाला पाय टेकले पाहिजेत, दिशा तीच, मशीन बंद असताना बसवायची आणि मग चालू करायचं. चित्र बदललं तर खालचीच दोषी. बदललं नाही म्हणून ती निर्दोष ठरत नाही, आतून शॉर्ट झालेली असेल तर वरचीला पण ती बोलू देत नाही. आणि बोर्डवर थेट सोल्डर केलेली आयसी मेलीये हे नक्की झालं की तिला वाचवायला जाऊ नका, कटरने सगळे पाय बॉडीपाशी कापा, एकेक पाय गरम करून चिमट्याने काढा, भोकं पंपने साफ करा आणि तिथे बेस लावा.

मेलेल्या रॉमच्या जागी ईप्रॉम (पुसून परत लिहिता येणारी रॉम) लिहून लावणाऱ्यांनी पायांची संख्या बघा, कमोडोरच्या ८ केच्या रॉमला २४ पाय आहेत आणि २७६४ ईप्रॉमला २८, मध्ये ॲडॅप्टर लागतो. ईप्रॉमच्या काचेच्या खिडकीवर स्टिकर लावा, कागदी नको, आरपार उजेड न जाणारं. थेट उन्हात साधारण आठवड्याभरात आणि ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत आतलं पुसलं जातं, आणि बरेच जण मशीन उघडंच ठेवून खिडकीपाशी ठेवतात.

पुढच्या अंकात टेप रेकॉर्डरचे पट्टे आणि हेड. प्रश्न पाठवताना मशीनचं नाव आणि बोर्डचा एक स्वच्छ फोटो नक्की जोडा.